रघू, तू बाबलचं नाव घेतलं नाहीस

रघू,

तुझी बरगडी माझ्या तळव्याखाली मोडली. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. मासळीबाजारात ओट्याशी तू कोसळलास, हातातली पिशवी सुटून बांगडे चिखलात पसरले, आणि कोणीतरी धावत येऊन मला तालमीतून बोलावून नेलं. मी पोचलो तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते.

गेल्या वर्षी तूच आम्हाला शिकवलं होतंस. कुठल्याशा डॉक्टरी मासिकात नवी रीत आली होती. तालमीच्या मातीत एका पोराला उताणा निजवून तू दाखवलंस, छातीच्या मधल्या हाडावर तळवा, कोपर ताठ, आणि अंगाचं वजन टाकून दाबायचं. "बरगडी मोडली तरी थांबू नकात," तू म्हणालास. "मोडलेली बरगडी सांधता."

मी थांबलो नाही. भोवतालची माणसं म्हणत होती, "वस्ताद, सोडा आता, गेलो तो." ज्याने माझा खांदा धरला त्याला मी लाथ घातली. तुझ्या छातीवर मी इतक्या जोराने दाबत होतो की बघणाऱ्याला वाटलं असतं, मी तुला मारतोय. खरं सांगू? थोडा मारतही होतो. तुझ्या सदऱ्याच्या खिशात सिगरेटचं पाकीट होतं. प्रत्येक दाबाबरोबर ते माझ्या मनगटाला लागत होतं.

अख्ख्या मालवणला तू तंबाखू सोडायला सांगितलंस. बाहेरच्या देशांत डॉक्टर लोकांनी सिगरेट ओढणाऱ्यांचा आणि न ओढणाऱ्यांचा हिशोब मांडलाय, ओढणारे लवकर मरतात, हे माझ्या पोरांना तूच समजावून सांगितलंस. आणि ते सांगताना बोटांत सिगरेट! मी एकदा ती हिसकावून विहिरीत फेकली, तर तू शांतपणे दुसरी पेटवलीस. म्हणालास, "माका ठावक आसा म्हणान माझ्यान सुटतलीच असा खंय आसा?" त्या वाक्याला मी तेव्हा हसलो होतो. आता तू समोर असतास तर तुझं थोबाड फोडलं असतं.

तुझी माझी ओळख शाळेपासूनची, पण दोस्ती जमली ती भांडणातून. मुंबईहून डॉक्टर होऊन तू परत आलास तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, आणि मी माझ्या गुरूंची तालीम चालवत होतो. तू काडीपैलवान, चष्मा नाकावर घसरलेला. एका रविवारी आलास, दगडावर बसलास आणि पोरांची मेहनत बघत राहिलास. चैत्राचं ऊन होतं. एका पोराने पाणी मागितलं, मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मेहनत करताना पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, घेतला तर अंगातली ताकद पाण्याबरोबर वाहून जाते, हा आमच्या गुरूंचा नियम.

"ह्या कोणी तपासलां?" तू विचारलंस.

"तपासूचा काय त्येच्यात? आमचे गुरू सांगत."

"आणि त्येंका?"

"त्येंचे गुरू."

तू घरून पाण्याची कळशी आणलीस. ती मी लाथेने उडवली. तू दुसरी आणलीस. शेवटी पोरांचे दोन गट पाडलेस, एकाला पाणी, एकाला नाही, आणि जोर मारायला लावलेस. पाणी पिणारे पुढे गेले तेव्हा मी ओरडलो, दांडगी पोरं तू मुद्दाम त्या बाजूला घेतलीस. तू म्हणालास, "खरां आसात. असा होवक शकता." पुढच्या रविवारी गटांची अदलाबदल केलीस. ज्यांना गेल्या खेपेला पाणी नव्हतं त्यांना दिलंस. पुन्हा पाणी पिणारेच पुढे. तेव्हापासून तालमीत माठ आला. मला हरवलंस म्हणून तू हसला नाहीस, आणि त्याचाच मला जास्त राग आला होता.

मग रविवार तुझाच झाला. मेहनत संपली की पोरं मातीतच बसायची आणि तू दगडावर. जे बापाला विचारता येत नाही ते तुला विचारायची. झोपेत धातू जातो, त्याने हाडं पोकळ होतात काय? तू म्हणायचास, नाही, शरीर ते रोज नव्याने तयार करतं, त्याने कोणी रोड झालेला मी बघितला नाही, रोड होतात ते त्याच्या भीतीने अन्न न गेल्यामुळे. कच्ची अंडी प्यावीत काय? उकडून खा, पचतात बरी. रापणीचं जाळं ओढताना जांघेत गोळा येतो, लंगोट घट्ट बांधला तर चालेल काय? त्यावर मात्र तू उठून त्या पोराला आडोशाला नेलंस, तपासलंस आणि त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेसाठी पाठवलंस. त्याचा चुलता तसाच गोळा लंगोटाखाली दाबून दाबून, आतडं अडकून, गुरासारखा ओरडत मेला होता.

जे ठाऊक नसायचं त्याला तू सरळ "ठावक नाय" म्हणायचास. आमच्याकडे ते कधी कोणी म्हणत नसे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा कसला डॉक्टर!

बाबल त्या रविवारांना मागे उभा असायचा. माझ्या तालमीतला सगळ्यांत ताकदवान गडी. सहा फुटांवर उंची, रापणीचा दोर एकट्याने ओढील अशी पाठ. घरची होडी, घरचं जाळं, आणि लग्नाला पाच-सहा वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. त्याची बायको इंदू मिठबावची. एकदा तिचं मनगट मोडून ती तुझ्याकडे आली. विहिरीवर पडले म्हणाली. तू प्लास्टर घातलंस. नंतर मला म्हणालास, "विहिरीवर पडणारो माणूस तळवो टेकता. तिचा मनगट कोणी पिरगाळलानी हा."

पुढच्या रविवारी कोणीतरी विचारलं, मूल होत नसेल तर बाईला काय औषध द्यावं. तू मान वर न करता उत्तर दिलंस. आधी पुरुषाला तपासावं. ते सोपं आहे, बाटलीत नमुना द्यायचा, मी सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघतो. कितीतरी घरांत दोष पुरुषात निघतो, आणि मार बाई खाते.

बाबलने मांडीवर थाप मारली. "डॉक्टर, ही मांडी बघा. हेच्यात दोष?"

"मांडयेचो आणि बीजाचो काय संबंध नाय, बाबल. बैल खच्ची केलो तरी नांगर ओढता."

पोरं हसली. तिथे तू चुकलास, रघू. ते वाक्य खरं होतं, पण हसू येण्यासारखं होतं, आणि बाबलच्या डोळ्यांत मी बघितलं. ह्यावर आपलं किती वेळा वाजलं! तू कधी कबूल केलं नाहीस, आणि आता करणार नाहीस.

तरी तो आला. ते मी त्याच्या बाजूने धरतो. बायकोला इतका मारणारा माणूस आपण होऊन तुझ्याकडे बाटली घेऊन आला. तू एकदा तपासलंस. एकदा तपासून खात्री होत नाही म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासलंस. ज्या दिवशी तू त्याला निकाल सांगितलास त्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आपल्याला तारकर्लीला जेवायला जायचं होतं. मधे फळ्यांचं पार्टिशन. तुझा आवाज हळू होता, पण फळ्यांना फटी होत्या.

लहानपणी गालगुंडं झाली होती काय, तू विचारलंस. झाली होती. तेव्हा खालीही सूज आली होती काय? आली होती, आठवडाभर. मग तू सांगितलंस की त्या तापात बीज तयार करणारा भाग मेला. आवाज, दाढी, ताकद, बाईजवळ जाणं, हे दुसऱ्या भागाचं काम, ते शाबूत आहे. तू पुरुष आहेस, त्यात काही कमी नाही. पण मूल होणार नाही, आणि ह्यावर आज माझ्याकडे औषध नाही.

मग बाबल म्हणाला, "तू ह्या कोणाक सांगतलंस?"

"कोणाक नाय. पण इंदूक मारू नको. तिचो काय दोष आसा?"

तिचं नाव तुझ्या तोंडून निघालं आणि पार्टिशन हललं. बाबलच्या कमरेला लाकडी आकडीत कोयता होता, नारळावर चढणाऱ्या प्रत्येकाच्या असतो तसा. मी दार लाथेने उघडलं तेव्हा पहिला वार पडून गेला होता. तू डावा हात वर केला होतास म्हणून डोकं वाचलं. दोन बोटं लोंबत होती. रक्त काचेच्या कपाटावर उडालं होतं, तुझ्या दुर्बिणीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दुसऱ्या वाराला कोयता वर गेला आणि मी मागून त्याच्या मानेला मिठी घातली. ती पकड मीच त्याला शिकवली होती, सोडवायची कशी तेही मीच शिकवलं होतं, पण त्या दिवशी त्याला ती सुटली नाही. आम्ही दोघं कपाटावर पडलो. काचा पाठीत घुसल्या. मी दाबत राहिलो. त्याचा कोयता गळला, तो पाय झाडायला लागला, जीभ बाहेर आली, आणि मी दाबत राहिलो. मला ते आवडत होतं, रघू. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तू त्या चिरलेल्या हाताने माझ्या पाठीवर मारत होतास. "सोड त्येका! मेल्या, सोड! मरतलो तो!" तुझं रक्त माझ्या मानेवरून छातीवर उतरत होतं. शेवटी तू माझा कान चावलास तेव्हा मी सोडलं. बाबल पालथा पडून ओकला आणि भिंतीला धरून निघून गेला.

फौजदार आला. तू टाके घालून घेत होतास, चेहरा कागदासारखा. शुद्ध मराठीत म्हणालास, "काचेचं कपाट अंगावर पडलं. माझाच निष्काळजीपणा झाला." फौजदाराने जमिनीवरचा कोयता बघितला, माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार तोच तू माझ्या पायावर पाय दिलास.

त्यानंतरचं भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही.

गावात काय पसरलं ते तुला ठाऊक होतं. डॉक्टर बिनलग्नाचा, बाबलच्या बायकोशी लगट करतो, बाबलने पकडला. दवाखान्याची कौलं रात्रीतून फुटायची. बायकांनी तुझ्याकडे यायचं सोडलं. मासळीबाजारात एक जण तुझ्या बोटांवरून घाण बोलला, मी त्याचे पुढचे दोन दात पाडले आणि तरी तू गप्प. मी म्हटलं, एक वाक्य सांग बाजारात, बस. तू म्हणालास, "ता माझा नाय सांगूचा. ता त्येचा."

"आणि इंदू? तुझ्या ह्या गप्प रवण्याचो मार ती खाता!"

"त्येचा मी सांगूचंय नाय. तिचा तिका सांगतलंय."

आणि तेवढंच केलंस. मिठबावहून तिचा भाऊ आला तेव्हा त्याला सांगून तिला बाहेरगावी लेडी डॉक्टरकडे पाठवलंस. तिचा निकाल तिच्या हातात दिलास. नवऱ्याविषयी एक अक्षर नाही.

इंदूला तेवढं पुरलं. बाबलचे काका-मामे दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला घरापुढच्या खळ्यात जमले. दुसरी बायको करायला कायद्याने बंदी होती, पण खळ्यात कायदा कोण विचारतो. चहा घेऊन आलेली इंदू कपबशा खाली ठेवून सगळ्यांसमोर उभी राहिली. मी तालमीचा वस्ताद म्हणून तिथे बोलावलेला होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. ती म्हणाली, "माका तपासल्यानी. माझ्यात काय दोष नाय. आता ह्येंका इचारा, ह्येंनी तपासून घेतल्यानी हा काय?"

बाबलने तिला केसांना धरून तुळशीवृंदावनावर आपटली. मी पोचेपर्यंत दोनदा. तिच्या तोंडातून रक्त आणि दात एकदम आले. मी त्याला खळ्यात लोळवला, त्याच्या मामाने माझ्या डोक्यात पाट घातला, आणि त्या गोंधळात इंदू उठली. कोणाचा हात न धरता उठली, पदर तोंडाला लावला आणि चालत तुझ्या दवाखान्यात आली. तुझ्या आईने तिला आठ दिवस आपल्या खोलीत ठेवलं. मग भाऊ येऊन घेऊन गेला. ती परत मालवणला आली नाही.

बाबलने वरच्या गावातली दुसरी मुलगी केली. तिलाही मूल झालं नाही. तिलाही त्याने मारलं, आणि एका पावसाळ्यात ती माहेरी गेली ती गेलीच. तेव्हा गावाला काय ते कळलं. दवाखान्यात परत बायका यायला लागल्या. मी तुझ्याकडे धावत आलो. म्हटलं, "बघ! मिळालो मा तुझो पुरावो! आता गाव आपणच बोलता!"

तू मला मारलंस. आयुष्यात एकदाच. त्याच डाव्या हाताने, ज्याची दोन बोटं मिटत नव्हती, म्हणून थप्पड नीट बसली नाही, बोटं माझ्या डोळ्यात गेली. "आणि एक चेडू मोडला," तू ओरडलास, "आणि तू ह्येका पुरावो म्हणतस?" मग खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडलास. मी दार लावून घेतलं, म्हणजे कोणी बघू नये.

त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं की तू तेव्हा बोलला असतास तर ती दुसरी मुलगी वाचली असती. म्हटलं नाही. तू ते स्वतःलाच म्हणत होतास, हे मला दिसत होतं. तुझं बरोबर होतं की माझं, मला आजही ठरवता येत नाही. डॉक्टरने पेशंटचं बाहेर सांगितलं असतं तर त्यानंतर एकही पोर बाटली घेऊन तुझ्याकडे आलं नसतं, हे मला कळतं. इंदूचे दात आठवले की ते कळणं थुंकून टाकावंसं वाटतं. आणि तरी, रघू, गेल्या दहा वर्षांत माझ्या तालमीतली किती पोरं मूल होत नाही म्हणून आधी स्वतः तुझ्याकडे आली, बायकोवर हात न टाकता आली, ते मी बघितलंय. तुझ्या तोंडावर मी हे कधी बोललो नाही. भांडण्याचीच सवय होती.

काल तुला उचलायच्या वेळी बाबल आला.

अंगणात माणूस मावत नव्हता. तो फाटकातून आत आला आणि लोक बाजूला झाले. मी पुढच्या डाव्या खांद्याला उभा राहणार होतो. तो माझ्या समोर आला, तेव्हा मी तुला सोडून त्याच्या नाकावर बुक्की मारली. हाड मोडलं, मला बोटांना कळलं. दुसरी मारली. तिसरी. तो उभाच. हात वर केला नाही. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त उतरत होतं.

"मार," तो म्हणाला. "पण खांदो देवक दी."

मग वळला आणि जमलेल्या माणसांना म्हणाला, म्हणूनच मी हे आज लिहू शकतो. "दोष माझ्यात होतो. माका मूल होवचा नव्हता. ह्येका ठावक होता. माझो कोयतो खाल्ल्यान, बदनामी खाल्ल्यान, पण माझा नाव घेवक नाय."

मला तेवढ्याने शांत व्हायचं नव्हतं. मी त्याची गळपट्टी धरली. "हंय कित्याक सांगतस? ह्येचा काय तू बिघडवलंस, दोन बोटां! मिठबावात जा. तिच्या दारात उभो रव आणि थंय सांग!"

"गेलंय होतंय," तो म्हणाला. "तीन खेपा गेलंय. तिना दार उघडूक नाय."

तुझी आई आतून आली. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्या रक्ताळलेल्या मुठीकडे बघितलं. म्हणाली, "भरती येता. मशनवटेत पाणी चढात. माझ्या झीलाक आधी उचला, मगे काय तो एकमेकांचो जीव घेवा."

आम्ही उचललं. तो माझ्या शेजारी, उजव्या खांद्याला लागला. मी त्याला ढकललं नाही, कारण हात मोकळे नव्हते. तो माझ्याहून वीतभर उंच. चालायला लागल्यावर तिरडी माझ्या बाजूनेही वर उचलली गेली, आणि तुझं ओझं माझ्या खांद्यावरून कमी झालं. मला बरं वाटलं. बरं वाटल्याचा राग अजून गेलेला नाही.